घरांचे नियम बदला: पनवेलकरांचा ९० दिवसांचा जाहीर इशारा

नगरविकास विभाग, सिडको आणि पनवेल महानगरपालिका या तिघांना उद्देशून.

निवेदने देऊन झाली. आवक विभागाचा शिक्का उमटला, पोच मिळाली आणि विषय ‘संबंधितांकडे’ वर्ग झाला. संबंधितांनी तो आणखी कुणाकडे तरी वर्ग केला. सिडको म्हणते धोरण मंत्रालय ठरवते. मंत्रालय म्हणते प्रस्ताव खालून येऊ द्या. महापालिका म्हणते सिडकोच्या नोडचे नियोजन आमच्या हातात नाही. ही टोलवाटोलवी आता पुरे झाली. यापुढे विनंती नाही. आजपासून ९० दिवसांची मुदत आहे, आणि त्या मुदतीत काय व्हायला हवे, न झाल्यास काय होईल, ते खाली स्पष्ट लिहिले आहे.

आमची तक्रार एका वाक्यात मावते. पनवेलमध्ये नियमात बसणारे घर साध्या माणसाला परवडत नाही, आणि त्याला परवडणारे घर तुमच्या नियमात बसत नाही. हे काही दैवाने घडलेले नाही. कोणत्या भूखंडावर काय बांधायचे, किती मजले चढवायचे, बाजूने किती जागा सोडायची, गाड्या किती उभ्या करायच्या, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड चालेल की नाही, हे सगळे माणसांनी बसून लिहिले आहे. लिहिलेले खोडून पुन्हा लिहिता येते.

आधी हिशोब तुमच्याच आकड्यांनी करू. जानेवारी २०२५ मध्ये सिडकोने ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ या योजनेच्या किमती जाहीर केल्या. आर्थिक दुर्बल घटकासाठीचे सुमारे ३२० चौरस फुटांचे घर खारघर बस टर्मिनसजवळ ४८ लाख ३० हजारांना, कळंबोली बस डेपोजवळ ४१ लाख ९० हजारांना. तळोज्याच्या सेक्टर २८ मध्ये ते २५ लाख १० हजारांना होते, म्हणजे बस टर्मिनसच्या जवळ यायचे तर किंमत जवळपास दुप्पट. अर्ज करणाऱ्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख, म्हणजे महिन्याला फार तर ५० हजार. ओरड झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने दहा टक्के कपात जाहीर केली. ती कपात धरा, अडीच लाखांचे अनुदान पदरात पडले असेही धरा, दहा टक्के रक्कम दागिने मोडून भरली असे समजा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता तरीही तीस हजारांच्या आसपास जातो. उरलेल्या वीस हजारांत किराणा, शाळेची फी, लोकलचा पास, आजारपण आणि सोसायटीचा मेंटेनन्स. ज्याला तुम्ही दुर्बल घटक म्हणता, त्याच्यासाठी तुम्हीच ठरवलेली ही किंमत आहे.

मग हा माणूस राहतो कुठे? कामोठे, खारघर, कळंबोली, नावडे ही नोडची नावे होण्याआधी गावांची नावे होती. त्या गावठाणांत जा. गुंठ्या-दोन गुंठ्यांवर चार-पाच मजले चढलेले दिसतील. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, मोरीच्या वर भांड्यांची मांडणी. खिडकी उघडून हात बाहेर काढला तर शेजारच्या इमारतीची गिलावा न झालेली वीट हाताला लागते. वीज सबमीटरवर, युनिटचा दर मालक सांगेल तो. जिना इतका चिंचोळा, की आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली आणताना प्रत्येक वळणावर खुर्ची आडवी करावी लागते. आग लागली तर बंब गल्लीच्या तोंडाशीच थांबणार, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे.

आम्ही या खोल्यांना नावे ठेवणार नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले हमाल, तळोजा एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, दवाखान्यांतल्या आया, पार्सल पोहोचवणारी पोरे, विमानतळावर पहाटेच्या पाळीला जाणारी माणसे यांना छप्पर दिले ते आगरी-कोळी घरमालकांनी. ज्यांच्या जमिनी घेऊन तुम्ही हे शहर वसवले, त्यांनीच तुमच्या शहराच्या मजुरांची सोय केली. बदल्यात तुम्ही त्या घरांना ‘अनधिकृत’ हा शिक्का दिला. २५ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करायचे ठरले. निर्णय निघाला, पण घरोघरी पक्का कागद पोहोचला नाही. कागद नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पावसाळा आला की इमारत धोकादायक.

पनवेलहून मुंब्र्याकडे निघाले की शीळफाटा लागतो. तिथल्या लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ७४ माणसे मेली. वर स्लॅब चढत होते आणि खालच्या मजल्यांवर बिऱ्हाडे राहत होती. अटका झाल्या, अधिकारी निलंबित झाले. पण अर्धवट बांधलेल्या इमारतीत माणसे संसार थाटतात ती हौसेने नव्हे. नियमातले घर हाताबाहेर गेले की माणूस नियमाबाहेरच्या घरात शिरतो. पनवेलच्या आसपास अशा इमारती आज उभ्या आहेत. त्यांतली एखादी उद्या बसली तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणण्याची सोय तुम्हाला राहू नये, म्हणून हा इशारा छापून देत आहोत.

आता नियमांचा दोष कुठे आहे ते सांगतो.

एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधायचे असेल तर मूळ चटई क्षेत्राच्या वीस टक्के भागात दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी छोटी घरे बांधावी लागतील, अशी चांगली अट तिच्यात होती. पण ती दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांसाठी, आणि लोकसंख्या मोजायची शेवटच्या जनगणनेने. शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हाचा पनवेल महापालिका क्षेत्राचा आकडा सुमारे ५ लाख. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात खारघर भरले, कामोठे भरले, तळोजा उभे राहिले, २०१६ मध्ये महापालिका आली, मेट्रो आली, विमानतळ आला. कागदावरचे पनवेल मात्र २०११ मध्येच अडकले. हद्द ओलांडून बेलापूरला गेले की बिल्डरला वीस टक्के छोटी घरे बांधायची अट, अलीकडे खारघरला मोकळे रान. नियम लिहिताना ही फट राहिली. ती बुजवायला किती वर्षे लागावीत?

दुसरा दोष लिलावाचा. सिडको नोडमधला भूखंड सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला देते. बोली चढली की जमिनीचा भाव चढतो, तो फ्लॅटच्या किमतीत उतरतो, आणि पुढच्या लिलावाची पायाभूत किंमत त्याच भावावर ठरते. शहरे वसवण्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेले महामंडळ जमिनीचा भाव वाढवण्यात धन्यता मानू लागले, तर त्याला नियोजन प्राधिकरण कशाला म्हणायचे?

तिसरा दोष एकसुरीपणाचा. नोडच्या नकाशावर बंगल्यांचे भूखंड वेगळे, इमारतींचे वेगळे, दुकानांचे वेगळे. बैठ्या घराच्या भूखंडावर मुलासाठी वर एक आणि भाडेकरूसाठी मागे एक खोली काढायची तर ते नियमात बसवताना मालक मेटाकुटीला येतो आणि शेवटी रात्रीतून स्लॅब टाकून मोकळा होतो. ज्या कुटुंबाकडे एक स्कूटर आहे, त्याच्या फ्लॅटच्या किमतीत चारचाकींच्या पोडियमचा खर्च चढवला जातो, तोही स्टेशन चालत दहा मिनिटांवर असताना. वाढीव चटई क्षेत्रासाठी भरावे लागणारे प्रीमियम शेवटी घर घेणाऱ्याच्याच खिशातून जाते.

आणि ‘नैना’बद्दल, म्हणजे विमानतळाभोवतीच्या अधिसूचित क्षेत्राबद्दल, तर काय बोलावे? जानेवारी २०१३ मध्ये अधिसूचना निघाली, सिडको विशेष नियोजन प्राधिकरण झाले. शेतकऱ्यांची जमीन घेऊन चाळीस टक्के विकसित भूखंड परत द्यायच्या नगररचना योजना एकामागून एक आखल्या. दशक उलटून गेले तरी भिजत घोंगडे तसेच आहे. तोवर परवानगीविना इमारती उठल्या, घर घेणाऱ्यांनी आयुष्यभराची कमाई ओतली, आणि सिडकोचा हातोडा पडला तो त्यांच्यावर. कायदेशीर घर वेळेवर मिळू द्यायचे नाही आणि बेकायदा घेतले म्हणून पाडायचे, ही कुठली रीत?

तुम्हाला हे जमत नाही असे म्हणायला जागा नाही, कारण तुम्हाला हे पूर्वी जमले आहे. चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला सिडकोसाठी आर्टिस्ट्स व्हिलेज उभे केले ते १९८० च्या दशकात. साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे छोटे भूखंड, सातेक घरांमध्ये एक अंगण, आणि कुटुंब वाढेल तसे घर वाढवण्याची मोकळीक. गरीब आणि सुखवस्तू यांच्या भूखंडांत फरक होता तो फार थोडा. त्याच दशकात जागतिक बँकेच्या मदतीने नवी मुंबईत छोटे भूखंड आणि पाया-नळ-गटाराची सोय देऊन घर ज्याचे त्याने बांधायची योजना राबवली गेली. जुन्या पनवेलचे उदाहरण तर त्याहून जुने आहे. १८५२ मध्ये नगरपालिका झालेले, भातगिरण्यांचे आणि बैलगाडीच्या चाकांचे हे गाव. खाली दुकान, माडीवर मालक, मागच्या पडवीत भाडेकरू, अशा घरांवर ते पिढ्यान्‌पिढ्या चालले.

जे फसले तेही आठवा. २००८ मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि त्याबदल्यात विकासकाला घसघशीत वाढीव चटई क्षेत्र. पुढे भाड्याची कल्पना गुंडाळली आणि दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांची घरे केली. पनवेलजवळ कोनला अशा २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी २ डिसेंबर २०१६ रोजी काढली. त्यानंतर इमारती करोना काळात विलगीकरणासाठी घेतल्या, घरांची दुरवस्था झाली, दुरुस्ती कुणी करायची यावर वाद झाला. ज्यांनी गिरण्यांत उमेदीची वर्षे घालवली त्यांना चाव्यांसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले. चटई क्षेत्र आधी वाटायचे आणि सांभाळणार कोण ते नंतर ठरवायचे, याचा हा परिणाम. आमच्या मागण्यांमध्ये म्हणूनच सांभाळणाऱ्याचाही उल्लेख आहे.

काळ थांबणार नाही. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे, पूर्ण झाल्यावर नऊ कोटींची. या प्रवाशांचे सामान उचलणारे, विमाने धुणारे, जेवण बनवणारे, टॅक्सी चालवणारे रोज कुठून येणार? शिवाय विमानतळामुळे आसपासच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा आली आहे. टॉवर चढवून प्रश्न सुटेल हा मार्ग पनवेलमध्ये अर्धा बंदच आहे. उरतो तो कमी उंचीची, दाटीची पण नीट आखलेली, लहान-मोठी मिसळलेली घरे बांधण्याचा मार्ग. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहराने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागात जास्त घरांना मुभा दिली, आणि पुढच्या वर्षांत जोडघरे आणि ओळीतली घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. आपल्याकडे तर अशा घरांत राहायची सवय आधीपासून आहे.

आक्षेप आम्हाला पाठ आहेत. पहिला पाण्याचा. देहरंग धरण पनवेलला पुरत नाही, उन्हाळ्यात टँकर येतात, हे खरे. पण गावठाणातल्या खोलीत राहणारा माणूस आजही पाणी पितोच. त्याला कायदेशीर घर दिले तर तो मोजला जाईल, मीटर बसेल, पट्टी भरेल. पाणी कमी असेल तर जास्तीचे पाणी आणा, माणसे लपवून ठेवल्याने धरण भरत नाही. दुसरा आक्षेप पुराचा. गाढी आणि काळुंद्रे नद्यांच्या पूररेषेत एक वीटही नको, ही आमचीच मागणी आहे. तिसरा आक्षेप सोसायट्यांचा, ‘वस्ती बिघडेल’ हा. त्यांना एवढेच विचारतो, तुमच्या घरी धुणे-भांडी करणाऱ्या बाई, तुमचा वॉचमन, तुमचा दूधवाला कुठे राहावा अशी तुमची इच्छा आहे? एजंटच्या पाटीवर ‘फक्त फॅमिली’ लिहिणाऱ्यांनी आपणही कधीकाळी कुणाच्या तरी खोलीत कॉट टाकून नोकरी सुरू केली होती, हे विसरू नये.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे. यात घासाघीस होणार नाही.

एक. वीस टक्के छोट्या घरांची अट पनवेल महापालिका, सिडकोचे नोड आणि नैना या सगळ्या क्षेत्रांत, लोकसंख्येचा निकष न लावता, लागू करा. ४,००० चौरस मीटरची मर्यादा खाली आणा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना काढा. कलम १५४ खाली निर्देश देऊन तातडीने अंमल कसा करायचा, हे नगरविकास विभागाला शिकवायला नको. मुदत ३० दिवस.

दोन. सिडकोच्या बस डेपो आणि स्टेशनालगतच्या ज्या भूखंडांवर अजून बांधकाम सुरू झालेले नाही, त्यांचा ठरावीक हिस्सा कायम भाड्याच्या घरांसाठी आणि नोकरदार स्त्री-पुरुषांच्या वसतिगृहांसाठी राखा. तो कधीही विकायचा नाही, आणि त्याची देखभाल कोण करणार ते पहिल्याच दिवशी जाहीर करायचे. हे होईपर्यंत अशा भूखंडांचा लिलाव थांबवा. मुदत ६० दिवस.

तीन. बैठ्या घरांच्या आणि बंगल्यांच्या भूखंडांवर, संरचना अभियंत्याच्या दाखल्यावर, एकाहून अधिक छोट्या घरांना परवानगी द्या. तळमजल्यावर दुकान, छोटा कारखाना किंवा दुरुस्तीचा व्यवसाय चालू द्या. ४० चौरस मीटरपेक्षा लहान घरांवरचे प्रीमियम माफ करा आणि स्टेशनाजवळ त्यांना चारचाकीच्या जागेची सक्ती ठेवू नका. मुदत ६० दिवस.

चार. गावठाणे आणि त्यांच्या २५० मीटरच्या पट्ट्यातल्या प्रत्येक घराची मोजणी करून मालमत्ता पत्रक द्या. त्या गल्ल्यांसाठी वेगळी नियमावली करा, ज्यात बंब पोहोचण्याची सोय, जिन्याची रुंदी आणि इमारतीची मजबुती यावर कडक अटी असतील आणि बाकी गोष्टींत सवलत असेल. भाड्याची खोली हा व्यवसाय म्हणून मान्य करा, म्हणजे भाडेकरूलाही करार आणि रेशनकार्ड मिळेल. वेळापत्रक जाहीर करण्याची मुदत ९० दिवस.

साडेतीन वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. निवडून आलेल्या सर्व ७८ नगरसेवकांनी आता ऐकावे. या चार मागण्यांचा ठराव सर्वसाधारण सभेत मांडा आणि मंजूर करून शासनाकडे पाठवा. जो मांडणार नाही, जो विरोध करेल आणि जो त्या दिवशी गैरहजर राहील, त्याचे नाव प्रभागातल्या प्रत्येक सूचना फलकावर लागेल.

नियम बदलता येत नाहीत, असे आम्हाला कुणी सांगू नये. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि अशक्य म्हटलेली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना पुढे शासनाला आणावी लागली. त्या वेळी ऐकायला उशीर झाला आणि किंमत माणसांनी मोजली. आमचा मार्ग सनदशीरच राहील, पण तो ढिला असेल असे समजू नका.

तीस दिवसांत सूचना निघाली नाही तर खारघरपासून काळुंद्र्यापर्यंत प्रभागनिहाय सभा होतील, आणि तुमच्या प्रत्येक विकास प्रस्तावावर प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र लेखी हरकत येईल. एकत्रित सह्यांचे एक पत्र देऊन आम्ही तुमचे काम सोपे करणार नाही. प्रत्येक हरकतीवर सुनावणी मागू. साठ दिवसांनंतर सिडको भूखंडाचा लिलाव ठेवेल त्या प्रत्येक दिवशी बेलापूरच्या सिडको भवनासमोर, रीतसर परवानगी घेऊन, धरणे असेल. प्रत्येक भूखंडाची पायाभूत किंमत कशी ठरली, याचा अर्ज माहिती अधिकारात जाईल आणि उत्तर चौकात वाचून दाखवले जाईल.

एक्क्याण्णवाव्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल होईल. तिच्या मसुद्याचे काम सुरू झाले आहे. प्रतिवादींच्या रकान्यात तुम्हा तिघांची नावे लिहिली आहेत. ती तिथे ठेवायची की खोडायची, हे आता तुमच्या सहीवर अवलंबून आहे.